काठी जाईल एवढी वाट ठेवा

प्रति,
सोलापूर शहराचे रस्ते, विजेच्या तारा, तलाव, जुन्या इमारती आणि बंद गिरण्यांच्या जागा ज्यांच्या ज्यांच्या अखत्यारीत येतात ते सर्व अधिकारी, तसेच या शहरातून निवडून आलेले आणि निवडून येऊ इच्छिणारे सर्व लोकप्रतिनिधी

स. न. वि. वि.

संक्रांतीची सिद्धरामेश्वर यात्रा आठ-दहा दिवसांवर आली की आपल्या शहरात एक ठरलेली धावपळ सुरू होते. शिडीची गाडी फिरते, लोंबणाऱ्या तारा बांबूने वर टांगल्या जातात, झाडांच्या फांद्या छाटल्या जातात, खड्ड्यांत डांबर ओतलं जातं, कट्ट्यांना चुन्याची सफेदी मारली जाते. गड्डा, म्हणजे यात्रेतली जत्रा, उठला की शिडीची गाडीही जाते. मग पुढच्या जानेवारीपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही. मधल्या काळात शहराच्या वारशाबद्दल जे बोललं जातं त्यात 'सुशोभीकरण' हा शब्द शंभरदा येतो, 'देखभाल' एकदाही येत नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

लिहिणारे आम्ही इथलेच. आमच्यात कोणाच्या घरी माग होता, कोणाच्या घरी अजून विड्या वळल्या जातात, कोणी दरवर्षी यात्रेतल्या काठीला खांदा देतो. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषा आमच्या गल्ल्यांत बोलल्या जातात. तेव्हा ही मागणी एका देवळाची किंवा एका समाजाची समजू नये.

सुरुवात काठीपासून करतो, कारण शहराचं आरोग्य मोजायला तिच्याइतकं चांगलं माप दुसरं नाही.

सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, म्हणजे उभ्या पेलून न्यायच्या उंच, सजवलेल्या काठ्या. आपण त्यांना काठ्याच म्हणतो. पहिल्या दिवशी यण्णीमज्जन, म्हणजे तैलाभिषेक. काठ्या बाळीवेशीजवळच्या हिरेहब्बू वाड्यातून निघून शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात. दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' म्हणताच लाखो हात वर जातात. मग होमप्रदीपन, शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे काठ्यांची वस्त्रं उतरवणं. हा क्रम कोणाही सोलापूरकराला पाठ असतो. पण या पत्राचा विषय त्यातला विधी नाही, त्याच्या वरची आणि खालची जागा आहे.

वरची जागा आधी. विजेच्या तारांबाबतच्या नियमांनुसार रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ केव्हीची (उच्च दाबाची) तार किमान ६.१ मीटर उंच हवी. म्हणजे एकोणीस ते वीस फूट. हा आकडा भरलेला ट्रक खालून सुखरूप जावा म्हणून ठरवलेला आहे. बाशिंग बांधलेली काठी त्याहून उंच असते. थोडक्यात, सगळ्या तारा काटेकोर नियमाने टांगल्या तरीही काठी त्यांना अडणारच. आणि नियमाने टांगलेल्या तारा तरी किती? विजेच्या तारेच्या खाली टीव्हीची केबल, तिच्याखाली इंटरनेटची, आणि त्या दोन्हींना टेकलेली कोणाच्या तरी पताकांची दोरी. वीज यात्रेपुरती बंद करता येते. केबलवाल्याची गुंडाळी मात्र कोण उचलणार, हे दरवर्षी मिरवणूक तिथे पोचल्यावर ठरतं.

तार आडवी आली की काठी कलती करावी लागते. बघणाऱ्याला ते काही विशेष वाटत नाही. पेलणाऱ्याला विचारा. उदाहरणादाखल काठी पंचवीस फुटांची धरू आणि तिचा तोल बरोबर मध्यावर आहे असं मानू. ती फक्त पाच अंश कलली तरी सगळं वजन पायांच्या रेषेच्या एक फुटाहून जास्त बाहेर जातं. प्रत्यक्षात शेंड्याला बाशिंग, हार आणि दिव्यांची रोषणाई असल्यामुळे तोल मध्याच्या वर असतो, आणि वाऱ्याची झुळूक नेमकी तिथेच लागते. म्हणून ही माणसं महिनोनमहिने आधीपासून रात्री सराव करतात. सराव सरळ काठी पेलून चालण्याचा असतो. तारेखालून वाकवून नेण्याची कसरत त्या परंपरेत कधीच नव्हती. ती आपण घुसवली.

आता खालची जागा. काठी पेलणाऱ्याची नजर कायम शेंड्याकडे असते. पायाखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. बाराबंदी घातलेली ही माणसं अनेकदा अनवाणी असतात. त्यांच्या वाटेत काय काय येतं ते एकदा त्यांच्या चालीने चालून बघावं. रस्त्यापेक्षा तीन बोटं खाली गेलेलं चेंबरचं झाकण. परवानगीशिवाय केलेला उंच गतिरोधक. आणि मिरवणुकीच्या दोन दिवस आधी घाईने मारलेल्या डांबरावरची सुटी खडी, जी तळव्यात रुतते आणि घसरतेही. हे शेवटचं काम तर चांगल्या हेतूनेच केलेलं असतं, त्यामुळे त्यावर बोलायलाही अवघड जातं.

वरची आणि खालची जागा जिथे एकत्र येते ती गोष्ट सगळ्यांत दुर्लक्षित आहे. रस्त्याची उंची दर डांबरीकरणाला वाढते. जुना थर न खरवडता त्यावर नवा चार-पाच सेंटिमीटरचा थर टाकला की खर्च कमी आणि काम चटकन. असे दहा थर झाले की रस्ता दीड फूट वर येतो. तार तिथेच राहते, म्हणजे तारेखालची मोकळी जागा दीड फुटाने घटली. कडेच्या घरांचे उंबरे खाली गेले, पावसाचं पाणी आत शिरू लागलं. प्रदक्षिणेच्या वाटेवरची लिंगं, कट्टे आणि जुन्या ओट्यांचे चौथरे हळूहळू जमिनीत रुतले. हे रुतणं कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ते कोणाच्याच एका कार्यकाळात घडत नाही.

उपाय माहीत नाहीत अशातला भाग नाही. काठ्यांच्या मार्गावरच्या सगळ्या तारा जमिनीखाली घालाव्यात. कमी दाबाची केबल पाऊण मीटर आणि ११ केव्हीची किमान ०.९ मीटर खोल, खाली-वर वाळू, त्यावर विटा किंवा संरक्षक फरशा, आणि वर इशाऱ्याची पट्टी. रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक ठिकाणी दोन रिकामे पाइप जादा टाकावेत, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी नवी केबल टाकायची म्हणून तोच चौक पुन्हा खोदणार नाही. फीडर पिलर, म्हणजे वीज वाटपाच्या पेट्या, चौकाच्या कोपऱ्यावर न ठेवता आत घ्यावेत, कारण काठी वळते ती कोपऱ्यावरच. डांबरीकरण करताना जुना थर यंत्राने खरवडून काढणं बंधनकारक असावं, आणि काम दिवाळीपर्यंत संपावं. म्हणजे दोन महिने वाहनांखाली दबून खडी बसते. चेंबरची झाकणं डांबराच्या पातळीला आणण्याची बाब अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहावी. ती 'इतर किरकोळ' मध्ये टाकली की होत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट जीवावर बेतण्याआधी सांगून ठेवतो. अक्षतांच्या दिवशी आणि मिरवणुकीच्या वाटेवर लोक घरांच्या छतांवर गर्दी करतात. जुन्या सोलापुरात अजून माळवदाची घरं आहेत. लाकडी तुळया, वर किलच्या आणि त्यावर हात-दीड हात मातीचा थर. तुळईचं टोक भिंतीत जिथे रोवलेलं असतं तिथे ओल धरून ती आतून कुजते आणि बाहेरून दिसत नाही. टोकदार सळई घालून बघितली की कळतं. सळई दोन बोटं सहज आत गेली तर ते माळवद गर्दीसाठी बंद. डिसेंबरात हे काम करायला चार माणसं आणि आठ दिवस पुरतील.

जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीबद्दल आमची तक्रार एका शब्दात सांगता येते: सिमेंट.

तलावाचे घाट, वेशी, कट्टे, वाडे, इंद्रभुवनसारख्या इमारतींचं चुन्यातलं नक्षीकाम, ही सगळी बांधकामं चुन्याची आहेत. दगड काळा आणि कठीण, पण दरजांतला चुना मऊ आणि सच्छिद्र. पाया जमिनीतली ओल वर ओढतो आणि ती ओल दरजांतून बाहेर पडते. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट बंद. पाणी आत अडतं, क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, लोणा लागतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा जुन्या चुन्याचा पृष्ठभाग सोबत घेऊनच गळून पडतो. मग 'जुनं बांधकाम कमकुवत झालंय' असा शेरा मारून पुन्हा सिमेंट. ऑइलपेंटचंही तेच. दगडावर तपकिरी रंग फासून त्यावर पांढऱ्या रेघा ओढून 'दगडी लूक' देण्याचा प्रकार तर आमच्या आकलनापलीकडचा आहे. खाली खराच दगड असतो हो.

चुन्याचं काम कसं करतात ते जाणणारे गवंडी अजून सापडतात, पण त्यांना निविदेत जागा नाही. काम असं आहे. कळीचा चुना विरवून किमान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरवायचा. एक भाग चुना, दोन ते अडीच भाग धुतलेली वाळू, ओलीच्या जागी वाळूचा काही भाग काढून तिथे सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. मिश्रण चुन्याच्या घाण्यात मळायचं. गिलाव्याचा एक थर दहा-बारा मिलिमीटरहून जाड नको. जाड मारला की बाहेरून वाळतो, आतून कच्चा राहतो आणि भेगा पडतात. गोणपाट लावून निदान दोन आठवडे ओलं ठेवायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे हे काम मार्च ते मे करायचं नाही. सोलापूरच्या उन्हात गिलाव्यातलं पाणी उडून जातं, चुना धरायच्या आत जळतो, आणि हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला लागते. पण मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून काम निघतं ते नेमकं फेब्रुवारी-मार्चमध्ये. मग सिमेंटच बरं, असं ठेकेदार म्हणतो, आणि त्याच्या बाजूने ते खरंही असतं. चूक वेळापत्रकाची आहे.

भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढचे २०० मीटर परवानगीचं क्षेत्र, हा कायदा सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या तटाला लागून असलेल्या तलावाला मात्र असा वाली नाही. तलावात मासे मेल्याच्या बातम्या आपल्याला नवीन नाहीत, आणि दर वेळी 'विषारी पाणी कोणी सोडलं' याचा शोध सुरू होतो. बऱ्याचदा कारण साधं असतं. निर्माल्य, पिठाचे गोळे, तेल आणि गटाराचं पाणी यांमुळे शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ आणि तळाचा कुजणारा गाळ प्राणवायू खातात. पहाटे चार ते सहा या वेळात पाण्यात तो सर्वांत कमी उरतो. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे तर फारच कमी. मासे तेव्हा मरतात आणि आपण दुपारी बारा वाजता पाण्याचा नमुना घेतो. त्यात सगळं ठीक निघतं. नमुना पहाटे घ्या. कारंजी संध्याकाळी सात ते नऊ लोकांना दाखवायला सुरू ठेवता, ती मध्यरात्रीनंतर सुरू ठेवा. तलावात येणारी गटारं आधी अडवा, गाळ नंतर काढा. उलट क्रमाने केलं तर दोन वर्षांत गाळ तेवढाच. आणि तळ किंवा काठ सिमेंटने बांधून काढण्याची कल्पना कोणाच्या मनात असेल तर ती कृपया तिथेच ठेवा.

आता गिरण्या. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या शहराला घड्याळ मिळालं ते भोंग्याचं. कोणती पाळी सुटली यावर घरात चूल पेटायची. या मिलचं नाव देशभरातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. १९४९ मध्ये ती बंद पडली, १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेलेला खटला समतेच्या मूलभूत हक्काच्या अगदी सुरुवातीच्या निकालांपैकी एक ठरला. घटना लागू झाली त्याच वर्षी. हे सांगणारा एक फलक त्या जागेवर असायला काय हरकत आहे? तिथून जाणाऱ्या वकिलांनाही बरं वाटेल.

शहरात जिथे जिथे गिरणीची विटांची चिमणी अजून उभी आहे तिथे एक साधी पाहणी करावी. चिमणीला तीन शत्रू. पहिला पिंपळ. तो उपटायचा नसतो. मुळं विटांच्या दरजांत गेलेली असतात आणि ओढली की विटांसकट येतात. खोड कापून मूळ मारायचं आणि मग पोकळी पातळ चुन्याने भरायची. दुसरा शत्रू तिला बांधलेले लोखंडी पट्टे. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या जागेच्या दुपटीहून जास्त जागा मागतं आणि वीट फोडतं. पट्टे घासून रंगवायचे, फारच गेले असतील तर एकेक करून बदलायचे, सगळे एकदम सोडायचे नाहीत. तिसरा, वीजवाहक तांब्याची पट्टी. ती बहुतेक ठिकाणी चोरीला गेलेली असते. चिमणीचा झुकाव वर्षातून एकदा यंत्राने मोजून नोंद ठेवली तर 'धोकादायक' हा शिक्का अंदाजाने मारावा लागणार नाही.

चिमणीवरून एक गोष्ट आठवते आणि ती आम्हाला विसरता येत नाही. विमानसेवेसाठी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. त्या चिमणीच्या बाजूने आणि विरुद्ध या शहरात वर्षानुवर्षे काय काय झालं ते इथे उगाळत नाही. विमान हवं होतं आणि ते आलं, चांगलंच झालं. पण त्या निमित्ताने आपण सगळे एक शिकलो. हवेतला मार्ग मोकळा ठेवायचा म्हटलं की प्रशासन मीटर-मीटर मोजतं. कोणती वस्तू किती उंच, धावपट्टीपासून किती लांब, सगळ्याचे नकाशे, सगळ्याची कागदपत्रं. वर्षातून पाच दिवस काठी ज्या हवेतून जाते तिचा असा एकही नकाशा कोणी आम्हाला दाखवलेला नाही.

चादरीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण शहराबाहेर आपली ओळख तीच आहे, आणि ती आपल्या हातून सुटत चालली आहे.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांना भौगोलिक मानांकन आहे. ते मिळालं तेव्हा पेढे वाटले गेले. पण मानांकन ही भिंतीवर टांगायची सनद नव्हे. दर दहा वर्षांनी त्याचं नूतनीकरण लागतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. ज्याची नोंद नाही त्याला ते चिन्ह लावता येत नाही, आणि नोंद झालेले हात कमी असले की नकली माल पकडायला तक्रारदारही कमी. परिणामी बाहेरच्या राज्यांत विणलेल्या कृत्रिम धाग्याच्या चादरी आपल्याच बसस्टँडबाहेर 'सोलापुरी' म्हणून विकल्या जातात. ओळखणं सोपं आहे. कडेचा एक धागा ओढून जाळा. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो आणि राख उरते. कृत्रिम धागा वितळून काळा मणी होतो. चादर उलटून पाहा. अस्सल जेकार्ड विणीत (जिथे नक्षी मागावरच विणली जाते) पाठीमागे तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते, छापलेल्या चादरीची पाठ फिकट असते. एवढं लिहिलेली एक पाटी रेल्वे स्टेशनवर आणि एक बसस्टँडवर लावायला किती खर्च येईल?

आणि नक्षी कशात जपलेली असते? पुठ्ठ्याच्या कार्डांत. जेकार्ड मागावर आडवा प्रत्येक धागा एका कार्डावर अवलंबून असतो. कार्डाला भोक असेल तिथे सुई आत जाते, हूक उचलला जातो, ताण्याचा तो उभा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खाली राहतो. मग मधून धोटा जातो. इंचाला चाळीस बाणे, म्हणजे आडवे धागे, धरले आणि नक्षीची लांबी वीस इंच असली तर एका नक्षीला आठशे कार्डं लागतात, एकामागे एक दोरीने ओवलेली. एक कार्ड फाटलं की चादरीत प्रत्येक वीस इंचांनी तीच चूक उमटते. मोरपिसाची जी नक्षी आपण 'सोलापुरी' म्हणून ओळखतो ती अशा ओवलेल्या पुठ्ठ्यांच्या माळांत आहे. कारखाना बंद झाला की माग भंगारात विकला जातो आणि कार्डांची माळ रद्दीत. ओलीने पुठ्ठा फुगतो, भोकं जुळत नाहीत. उंदीर दोरी खातात, क्रम विस्कटतो. क्रम गेला की नक्षी गेली.

हे वाचवणं फार महाग नाही. माळ सुटण्याआधी प्रत्येक कार्डावर क्रमांक घालायचा, सपाट ठेवून फोटो काढायचा. भोक आहे किंवा नाही, एवढीच नोंद असल्यामुळे संगणकावर ती सहज बसते आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर पुन्हा चालवता येते. कार्डं आडवी रचून कोरड्या खोलीत ठेवायची. आमचं म्हणणं एवढंच की शहरात वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरेल तेव्हा काचेमागे रंगवलेला माग ठेवू नका. चालता माग ठेवा, त्याच्या शेजारी कार्डं पंच करण्याचं यंत्र आणि कांड्या भरण्याचा चरखा ठेवा, आणि ते चालवणाऱ्या माणसाला महिन्याचा पगार द्या. तो माणूस आत्ता कुठल्या तरी दुकानाच्या दारात पहारेकरी म्हणून बसला असेल. मार्कंडेय रथोत्सवाच्या दिवशी, नारळी पौर्णिमेला, हे संग्रहालय पूर्व भागातल्या विणकर घरांसाठी फुकट उघडं असावं.

चार हुतात्म्यांबद्दल लिहिताना संकोच होतो, कारण त्यांच्या नावाने बोलणारे पुष्कळ आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली. त्याआधी मे-जून १९३० मध्ये हे शहर लष्करी कायद्याखाली होतं. या चार नावांतच शहराच्या गल्ल्या दिसतात. १२ जानेवारीला हार, १३ जानेवारीला काठ्या: तारखांचा हा शेजार बाहेरून आलेल्या माणसाला कोणी सांगत नाही. फलक लावताना उद्घाटकांची नावं खालच्या ओळीत आणि लहान अक्षरांत असावीत. मजकूर चारही भाषांत असावा, आणि 'यण्णीमज्जन', 'कप्पडकळी' यांसारख्या कन्नड शब्दांचा अर्थही द्यावा. इथली पुढची पिढी ते शब्द रोज ऐकते आणि अर्थ विचारायला लाजते. अक्षरं कोरीव आणि निदान तीन-चार मिलिमीटर खोल असावीत. सोनेरी रंगाने लिहिलेली अक्षरं आपल्या उन्हात दोन वर्षं टिकत नाहीत.

मागण्या अशा:

१. काठ्यांच्या संपूर्ण मार्गाचं मोजमाप सहा महिन्यांत व्हावं. प्रत्येक तारेची, फांदीची, कमानीची उंची आणि प्रत्येक चेंबर व गतिरोधकाची जागा त्या नकाशात असावी, आणि नकाशा लोकांसाठी खुला असावा. मोजमापाला काठी पेलणारे मानकरी सोबत असावेत. तारा जमिनीखाली घालण्याचं काम याच नकाशावरून टप्प्याटप्प्याने, पण मुदत जाहीर करून.

२. या मार्गावर जुना थर न खरवडता डांबरीकरण करणं बंद. कामं दिवाळीपूर्वी संपवावीत.

३. शंभर वर्षांहून जुन्या कोणत्याही सार्वजनिक बांधकामावर सिमेंट आणि ऑइलपेंट वापरण्यास मनाई, आणि चुन्याच्या कामाची बाब व त्याचा हंगाम (ऑक्टोबर ते जानेवारी) निविदेतच लिहिलेला असावा.

४. तलावाच्या पाण्याची पहाटेची चाचणी, दर आठवड्याला. निकाल घाटावर फळ्यावर लिहावा.

५. जेकार्ड कार्डांचा संग्रह आणि चालता माग.

६. सुशोभीकरणावर जेवढा खर्च मंजूर होईल त्याचा ठरावीक हिस्सा पुढची दहा वर्षं देखभालीसाठी राखून ठेवावा. किती हिस्सा ते तुम्ही ठरवा. शून्य नको.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी नवीन योजना लागत नाही. हे शहर स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत, जानेवारी २०१६ मध्येच, निवडलं गेलं होतं, त्यामुळे आराखडे आणि सादरीकरणं आपल्याकडे भरपूर आहेत. लागतं ते कोणाच्या तरी कामाच्या यादीत दर महिन्याला येणारं एक ओळीचं काम.

पहिल्या मागणीचं उत्तर तेवढं आधी द्यावं. मोजमाप सुरू करायचं ठरलं तर सकाळी सहा ते आठ या वेळात या, बाळीवेशीपासून विजापूर वेशीपर्यंत तेव्हा गाड्या कमी असतात. वीस फुटांवर जाणारा बांबू आणि टेप घेऊन आम्ही तिथे असू.

कळावे,
आपले,
सोलापूरकर रहिवासी